कल्ल्यातला किडा आणि आईचं नाव

शिरूरहून फोन आला तेव्हा मी उसाला पाणी देत होतो. ताईच्या कॉलेजातल्या एक बाई बोलत होत्या. "दादा, जरा बसून घ्या," म्हणाल्या, आणि मी तसाच बांधावर बसलो. वर्गात शिकवतानाच ताईच्या छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं... त्याला महिना होत आला. अजूनही रविवारी एसटीच्या वेळेला मी फाट्याकडं बघतो. काय करू, सवयच आहे.

माझी थोरली बहीण सुमन शिरूरला प्राणिशास्त्र शिकवायची आणि उरलेल्या वेळात माशांच्या कल्ल्यांतले किडे शोधायची. आमच्या नदीत शिंगटा नावाचा मिशावाला मासा असतो. त्याच्या कल्ल्यांना चिकटून, त्याच्याच जिवावर जगणारे हे चपटे कृमी तिळापेक्षाही बारीक. रविवारी दौंडच्या बाजारातून शिंगट्याची मुंडकी बर्फाच्या डब्यात भरायची आणि एसटीनं आमच्या गावी, राहूला यायची. कंडक्टरनं नाक मुरडलं की "आयुर्वेदिक औषध आहे हो" म्हणून खुशाल ठोकून द्यायची! आमची आई मात्र पक्की शाकाहारी. "त्ये वंगाळ उंबऱ्याच्या आत आणायचं न्हाई," अशी तंबीच होती. म्हणून ताईचा मायक्रोस्कोप गोठ्यात, गव्हाणीशेजारच्या कट्ट्यावर.

"आई, एकदा डोळा लावून बघ की गं," ताई दर खेपेला म्हणायची.

"मेल्या माशाचं काय बघायचं? घाण ती."

ताई हसण्यावारी न्यायची, पण तिचं तोंड उतरलेलं मला दिसायचं. तिला एवढंच हवं होतं, आपण जन्मभर काय करतोय ते आईनं एकदा बघावं.

मग मागं एका रविवारी ती गोठ्यातून ओरडतच आली, "बाळ्या, नवी जात आहे रे ही!" या किड्यांची जात त्यांच्या शेपटाकडच्या हुकांवरून ओळखतात. हुकांना जोडणारी एक बारीक दांडी असते, आणि या दांडीचा बाक कुठल्याच पुस्तकातल्या चित्राशी जुळत नव्हता. नव्या जातीला नाव द्यायचा मान शोधणाऱ्याचा. ताईनं आईचं नाव ठरवलं, भागीरथी, त्याला लॅटिन शेपूट जोडून.

"किड्याला माझं नाव? आगं सटवे, दुसरं काय घावलं न्हाई व्हय?" आई कडाडली. आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या आळीला सांगून आली, "माझं नाव विलायतंत निघालंय!" बघायला मात्र तयार नाही. "नाव छापून यिऊ दे, मंग बघंन."

ताईनं खात्रीसाठी ताजे मासे आणले, ताजे किडे काढले. यावेळी काचपट्टीवरची पातळ काच अलगद ठेवली. दांडी सरळच्या सरळ! मी गेलो तर बाईसाहेब कट्ट्यावर बसून हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. "भाकरी थापायचा हात ना माझा... काच भाकरीगत दाबली, दांडी वाकली, आन् मी नवी जात करून बसले." जात जुनीच होती, कोणीतरी केव्हाच नाव ठेवलेली.

मला रागच आला. म्हटलं, "दे की छापायला. कोण बघतंय तुझी दांडी?"

"पुढचा माणूस भागीरथी शोधत बसेल रे," ती म्हणाली, "आणि ती कुठंच नसेल."

आईला मीच सांगितलं. "बरं झालं," एवढंच म्हणाली. रात्री जेवली नाही धड. बघायचा विषय मग कोणीच काढला नाही.

गेल्या रविवारी आई आपणहून गोठ्यात आली. "माझं नाव देनार व्हती, त्यो दाव." मी त्या चेपलेल्या किड्याची काचपट्टी लावली, ताईनं शिकवलं तसा स्क्रू हळू फिरवला. आई पदरानं नाक झाकून वाकली. बराच वेळ वाकूनच होती... पदर कधी सुटला तिला कळलं नाही.

"नाजूक हाय गं सुमे," ती म्हणाली.

मी म्हशीला उगाच वैरण टाकत बसलो. आई कट्ट्याला धरून सरळ झाली, मायक्रोस्कोपवरची धूळ पदरानं पुसली आणि मला म्हणाली, "ह्ये आत घे. उंबऱ्याच्या आत."