डायलिसिस हौसेनं?

सरकारी दवाखान्यात मोफत उपचार योजनेच्या खिडकीवर बसणारा हा कारकून आमच्या गल्लीतला. म्हैसूरच्या जुन्या रंगारी घराण्यातला. मराठी बोलतानाही वाक्यागणिक ‘नोडी’, म्हणजे ‘बघा’, म्हणणार.

निवडणुकीआधी ह्याच योजनेवर एका सभागृहात जाहीर चर्चा झाली. पाहुणे म्हणून आलेले एक अर्थतज्ज्ञ म्हणाले, “फुकट मिळालं की लोक गरज नसतानाही उपचार घेतात.” मंचावरच्या उमेदवारानं मान डोलावली. मी अर्थशास्त्र शिकवतो. मीही टाळी वाजवली.

कारकून उठला. “नोडी सर, डायलिसिस कुणी हौसेनं करून घेतं का? मागच्या निवडणुकीत ह्याच उमेदवार साहेबांनी योजनेची कार्डं वाटली. आता ती चालत नाहीत, हे पेशंटला मी सांगायचं?”

“पुढचा प्रश्न,” उमेदवार हसला.

“आधी ह्याचं उत्तर द्या,” म्हणत तो उभाच राहिला. आयोजकांनी दंड धरून त्याला बाहेर काढलं. शंभरेक शिकलेली माणसं होतो आम्ही. एकही जण उठला नाही, मीसुद्धा.