विमानाच्या पायाची नोंद

श्रीधरमामा गेल्याचं कळलं तेव्हा मी कार्यालयात एका जुन्या प्रवासी विमानाचं उरलेलं आयुष्य पडद्यावरच्या आलेखांतून समजावून सांगत होते. मामीचा फोन दोनदा वाजून थांबला. तिसऱ्यांदा मी बाहेर येऊन घेतला. "केतकी, हे भाजी घेऊन आले, खुर्चीत बसले... आणि संपलं गं सगळं." डॉक्टरांनी वेळ काय लिहिली, असं मी तिला विचारलं. सहा आठवड्यांनंतर तो प्रश्न मला कोरडा वाटतो खरा; पण मामांनीही पहिल्यांदा तेच विचारलं असतं, याची मला खात्री आहे.

मामा मूळचे बेळगावचे, माझ्या आईचे थोरले भाऊ. विमानांच्या देखभालीचं काम मिळालं म्हणून तरुणपणी बंगळुरूला आले आणि जयनगरमध्येच स्थिरावले. हँगरमध्ये उमेदीची सगळी वर्षं काढून तपासनीस अभियंता म्हणून निवृत्त झाले. मी पुण्याहून भौतिकशास्त्राची पदवी आणि भरपूर घाई घेऊन या शहरात आले, ती एका सल्लागार कंपनीत. वापरात असलेलं विमान उडवत ठेवावं, विकावं की मोडीत काढावं, हे विमान कंपन्यांना सांगणं हे आमचं काम. पहिल्याच रविवारी मी ते मामांना समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक दिली, "ऐकलीस काय गं? भाचीनं यमाच्या हाफिसात नोकरी धरली बघ!" आतून मामी म्हणाली, "मग तुमची फाइल जरा खाली सरकवायला सांगा तिला." त्यावर दोघंही मनापासून हसले होते.

जुनं विमान धोकादायक होतं म्हणून निवृत्त केलं जातं, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. प्रत्येक उड्डाणात आतल्या हवेच्या दाबानं विमानाचं अंग किंचित फुगतं आणि उतरल्यावर पूर्ववत होतं. धातू थकतो तो या फुगण्या-ओसरण्यानं, म्हणून त्याचं वय वर्षांइतकंच उड्डाणांत मोजावं लागतं. नीट देखभाल केली तर ते दीर्घकाळ सुरक्षित उडतं, परंतु ही देखभालच हळूहळू लांबत जाते. तपासण्या अधिक खोल होतात, विमान अधिक दिवस जमिनीवर उभं राहतं, आणि तेवढ्यात कमी इंधनावर चालणारी नवी विमानं बाजारात आलेली असतात. शेवटी असा एक दिवस येतो की अखंड विमानापेक्षा त्याची सुटी केलेली इंजिनं, उपकरणं आणि लँडिंग गिअर, म्हणजे चाकांचे पाय, अधिक मोलाचे ठरतात. तो दिवस आधी ओळखणं हे माझं कौशल्य. मामांना माझे आलेख फारसे पटत नसत. चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणायचे, "सगळं बरोबर असंल की. पण ह्यात विमान कुठं आहे? मला तर नुसती रेघ दिसालीय."

मात्र माझ्या अभ्यासक्रमात नसलेली एक गोष्ट मी त्यांच्याकडूनच शिकले. विमानाच्या काही भागांचं आयुष्य आधीच ठरवून दिलेलं असतं आणि तो भाग एका विमानातून काढून दुसऱ्यात बसवला, तर तोवर त्यानं किती वेळा जमिनीला टेकण्याचा भार सोसला याचा आकडा कार्डावर लिहून सही करावी लागते. साखळीतलं एक कार्ड हरवलं, तर डोळ्यांना नवाकोरा दिसणारा भागही आयुष्य संपलेला मानतात. मग तो कापतात, म्हणजे पुन्हा कुठल्या विमानात बसवला जाण्याची शक्यता उरत नाही.

गेल्या वर्षी माझ्याकडे पहिलंच स्वतंत्र मूल्यमापन आलं आणि योगायोगानं ते विमान मामांच्या हातांखालून अनेक वर्षं गेलेलं होतं. एक मालवाहू कंपनी ते विकत घ्यायला तयार होती. आसनं काढून त्यात माल भरला जाणार होता, म्हणजे विमान आणखी काही वर्षं उडालं असतं. अट एकच होती : सर्व नोंदी पूर्ण हव्यात. त्या तपासताना डाव्या पायाच्या मुख्य दांड्याचं एक कार्ड मला सापडेना. तो दांडा दुसऱ्या विमानातून काढून इथं बसवलेला होता आणि बसवल्याच्या नोंदीखाली सही मामांची होती. नवा पाय घालणं इतक्या जुन्या विमानाला परवडणारं नव्हतं. कार्ड मिळालं तर विमान उडणार होतं आणि हा व्यवहार झाला तर कार्यालयातल्या आमच्या गटाचं नेतृत्व माझ्याकडे येणार होतं. मी त्याच संध्याकाळी जयनगर गाठलं.

मामांना तो दिवस लख्ख आठवत होता. "आकडा मी हातावर लिवून घेतलेला. कार्ड वरच्या केबिनमधी होतं. तेवढ्यात कुणीतरी हाक मारलं, काम आटपलं, आणि जेवणाआधी ग्रीस काढायला म्हणून हात घासून धुतलो बघ..." दुपारी त्यांनी तो आकडा आठवून पाहिला, तो आठवलाही, परंतु आठवणीतून लिहायला मन होईना, म्हणून कार्ड तसंच राहिलं आणि पुढच्या गर्दीत कुठंतरी गेलं. अजूनही तो आकडा त्यांना पाठ होता. त्यांनी मला तो म्हणून दाखवला. मी जुन्या उड्डाणांच्या नोंदींशी ताडून पाहिलं, तर तो तंतोतंत जुळत होता; पण सही केलेल्या कार्डाशिवाय नुसत्या जुळण्याला किंमत नव्हती.

"मग लिहा ना, मामा," मी म्हणाले. "काम तुम्हीच केलंय, आकडा खरा आहे. फक्त तारीख तेव्हाची घालायची."

"तेवढीच तर खोटी हाय की."

"तुमचं विमान वाचेल."

मग कागद घेऊन त्यांनी चार ओळी लिहिल्या : हे कार्ड भरणं माझी जबाबदारी होती, ते मी भरलं नाही, आकडा आठवणीतून सांगत आहे. खाली त्या दिवसाची तारीख आणि सही. "हे घेऊन जा. चालंल त्यांना?" चालणार नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

विमान मोडीत निघालं. गटाचं नेतृत्व दुसऱ्या कुणाला मिळालं. मी तीन महिने जयनगरला फिरकले नाही. कारणं मी कामाची सांगितली आणि त्यांनी ती मानून घेतली, किंवा तसं दाखवलं.

एक दिवस त्यांचाच फोन आला. चहा प्यायला कधी येतेस, असं काही विचारलं नाही. "तो दांडा कापला काय गं?" एवढंच. त्यांना धास्ती होती की नोंद नसलेला तो चकचकीत दांडा कुठून तरी फिरून एखाद्या विमानाखाली जाईल. मी घाईत होते, थोडी रागातही होते. "हो, कापला," मी म्हणाले. एरवी कुठलीही बातमी सांगितली की मामांचा ठरलेला प्रश्न यायचा, "डोळ्यांनी बघितलीस काय?" त्या दिवशी तो आला नाही. "सरी, बरं... ठेवतो मग," म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती. दहा दिवसांनी ते गेले.

तेराव्याचं आटोपल्यावर मी विमान सुटं करणाऱ्या ठेकेदाराला फोन लावला. दांडा शहराबाहेर बोम्मसंद्र्याला त्याच्या शेडमध्ये तसाच पडून होता. गॅस-कटरनं कापायच्या कामाला अजून वेळ होता. तो लगेच कापून घ्यावा असं मी लेखी कळवलं आणि ठरलेल्या दिवशी स्वतः गेले. तिथले मुकादम निपाणीकडचे. माझ्याकडे बघून म्हणाले, "अक्का, एवढ्याला कशाला आलासा? फोटो धाडला असता की." मी म्हटलं, बघायचंय. त्यांनी मला काळा चष्मा दिला. दांड्यावरचा क्रमांक मी वाचून जुळवला, आणि त्याचे दोन तुकडे होईपर्यंत ज्योतीपासून चार हात लांब उभी राहिले. धातू उत्तम होता. आतल्या बाजूला एकही ओरखडा नव्हता.

तिथून मी जयनगरला गेले. मामांच्या खोलीत टेबलावर फाइल होती, त्या चार ओळींची त्यांनी करून ठेवलेली प्रत सगळ्यांत वर. मामी दारात उभी राहून विचारू लागली, "काय शोधालीस गं?" काही नाही, म्हणाले, आणि त्यांच्या खुर्चीत बसून सहीच्या खाली लिहिलं : दांडा आज कापला. मी समोर होते. यापूर्वी फोनवर 'कापला' असं मी सांगितलं, तेव्हा मी पाहिलेलं नव्हतं.

तारीख घातली, सही केली. मामी जवळ येऊन ते सगळं हळूहळू वाचत राहिली. "ह्यांना कळलं नव्हतं ना?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "त्यांनी विश्वास ठेवला."