वासराचा बिल्ला आणि आमची मांजर

तक्रार करणारा: मी स्वतः. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, शिक्षण नववी, व्यवसाय अर्जनवीस, बसण्याचे ठिकाण बीडच्या कचेरीबाहेर लिंबाखाली, राहणार चौसाळ्यापासून आत, जिथे डांबर संपते तिथून पुढे.

ज्यांच्याविरुद्ध तक्रार: गावच्या सेवा सहकारी सोसायटीचे चेअरमन, छावणीवर येणारे जनावरांचे डॉक्टर, आणि मागाहून चौकशीला आलेले साहेब.

घटनेचा दिवस: मोठ्या दुष्काळाच्या सालातील चैत्र महिना, चौसाळ्याचा बाजार होता तो दिवस, सकाळ.

साक्षीदार: एक, माझे कुटुंब, म्हणजे पत्नी. दोन, शेजारीण, जिने आपण साक्ष देणार नाही असे आधीच कळवून ठेवले आहे. तीन, सदर मांजर.

नावे कोणाचीच लिहिलेली नाहीत. ज्यांना ती माहीत आहेत त्यांना सांगण्याची गरज नाही, आणि ज्यांना माहीत नाहीत त्यांच्या हातून न्याय होण्याची शक्यता थोडी अधिक आहे, असा माझा आजवरचा अनुभव आहे.

या अर्जाला कोणत्याही कचेरीत आवक क्रमांक मिळणार नाही, याची मला जाणीव आहे. मी उभी हयात दुसऱ्यांचे गाऱ्हाणे लिहिण्यात घालवली. वारसाच्या नोंदी, कोरलेले बांध, रेशनकार्डातून गळलेल्या सुना. लोक येतात, समोर उकिडवे बसून रडतात. मी त्यातले रडणे गाळतो आणि उरेल ते कागदावर घेतो. शिकलेली माणसे याला हलके काम समजतात. त्यांनी एकदा समोर बसून, बाईचे ऐकत, नवऱ्याने हाकलून दिले हे वाक्य साहेब शेवटपर्यंत वाचेल अशा रीतीने लिहून दाखवावे. माझे स्वतःचे गाऱ्हाणे मात्र मी कधी लिहिले नव्हते. हे पहिले आहे, आणि ते मांजराचे आहे, म्हणून लोक हसतात.

त्या वर्षी पावसाने दोनदा तोंड दाखवले आणि पाठ फिरवली. पाणी टँकरने येई, तेही येईल तेव्हा. ज्यांच्या घरी वैरण उरली नाही त्यांची जनावरे बांधण्यासाठी आमच्या सोसायटीला चारा छावणी मिळाली. व्यवस्था अशी की जनावरे माळावर बांधायची, चारा-पाणी सोसायटीने पुरवायचे आणि खर्च सरकारने द्यायचा. प्रत्येक जनावराच्या कानात क्रमांकाचा पिवळा बिल्ला. बिल्ला असेल त्याला पेंड, बिल्ला असेल त्याला उसाच्या शेंड्याचे वाढे, बिल्ला असेल त्याला औषध.

महिनाभरात बिल्ले फार झाले आणि जनावरे तेवढी दिसेनात. नुसते खुंटे ठोकलेले असत, त्यांना बांधलेले काही नसे, आणि तरी त्या खुंट्यांच्या नावाने चारा उचलला जाई. जी खरोखर होती त्या गाई-बैलांपुढे वाढ्याची निम्मी पेंढी पडे. गावातील दहा-बारा शेतकरी माझ्याकडे आले. मी तक्रारअर्ज लिहिला. असा अर्ज की त्यातील एकही ओळ कोणाला उपटून काढता आली नसती. परंतु पहिल्या जागी सही करायला कोणी धजेना. ज्याची गाय छावणीत, त्याला गायीची भीती. माझ्या घरी शेपटीचे जनावर नव्हते, निदान सरकार ज्याला जनावर म्हणते तसे नव्हते. चेअरमन माझा कोणता चारा तोडणार? म्हणून अर्जदार क्रमांक एक मी झालो. अर्ज बीडला दाखल केला आणि चौकशीची वाट पाहू लागलो.

आम्हाला मूलबाळ नाही. हे दया यावी म्हणून लिहिलेले नाही. माझे कुटुंब पुढे जसे वागले त्याचा उलगडा व्हावा म्हणून लिहिले आहे. मांजर आमच्याकडे आपण होऊन आली होती. कुटुंब तिला "बाई" म्हणे. "बाई, सरक." "बाई, दूध संपलं, आता माझं डोकं खा." मी तिला हाक मारीत नसे. लिहायला बसलो की ती कागदावर येऊन बसे, आणि मी तिला उचलून बाजूला ठेवी. आमचा व्यवहार एवढाच होता, पण तो रोजचा होता.

त्या दिवशी सकाळी मी बीडच्या गाडीसाठी निघालो असता आतून कुटुंबाने हाक मारली. मांजर रांजणापाशी पडली होती. रांजण झिरपून खालचे पोते ओले राही. उन्हाळ्यात आमच्या घरात गार अशी तेवढी एकच जागा, आणि ती तिने बळकावलेली होती. आता ती तिथून उठू पाहत होती आणि तिचे मागचे पाय तिचे ऐकत नव्हते. तोंडातून लाळ गळत होती. कानापासून पाठीपर्यंत कातडी थरथरत होती, जशी माशी बसल्यावर बैलाची थरथरते, फक्त ही थांबत नव्हती. डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या होत्या की डोळ्यांत दुसरे काही उरले नव्हते. रात्री निजताना ती धडधाकट होती.

शेजारीण आली, बघून म्हणाली, "विखारी उंदीर खाल्ला आसंल." तिचा नवरा दारातूनच म्हणाला, "वारं गेलंय अंगावरून. न्हाई टिकत." कुटुंबाने मीठ-मिरची ओवाळली. मी म्हणालो की आधी कारण कळले पाहिजे, कारणाशिवाय उपाय होत नाही. कुटुंब माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुमी कारणं लिवत बसा. मी निगाले." आणि कोंबड्या झाकण्याचे डालगे घेऊन, त्यात माझे जुने धोतर अंथरून, तिने मांजर उचलली. छावणीवर त्या दिवशी डॉक्टर येणार होते. मी मागे गेलो.

छावणीत चेअरमन बाजेवर बसले होते, डॉक्टर त्यांच्या शेजारी चहा पीत होते.

"या, अर्जवाले!" चेअरमन म्हणाले. "आज लेखी का तोंडी?"

कुटुंबाने डालगे डॉक्टरांच्या पायाशी ठेवले.

"हे काय आणलंत मावशी?" डॉक्टर म्हणाले. "इथं छावणीतली जनावरंच बघतो मी. इंजेक्शन मोजून मिळतंय, बिल्ल्याच्या नंबरावर लिहावं लागतं."

मी विचारले, "मांजर हा पशू आहे की नाही, एवढेच सांगा."

"पशू आहे. पशुधन नाही."

"तसा नियम दाखवा."

"बे, ह्यो डाक्टरला बी अर्ज लावतो का काय!" मागून कोणीतरी म्हणाले, आणि बाजेभोवतीची माणसे हसली.

कुटुंब खाली बसले. "साहेब, मरतीय हो ती," एवढेच म्हणाले. माझ्या बायकोने आयुष्यात कोणापुढे हात जोडलेले मी पाहिले नव्हते. त्या दिवशी पाहिले, आणि ते कोणाच्या बाजेपुढे, तेही पाहिले.

तेव्हा चेअरमनने सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि पिवळा बिल्ला काढला. कानात नसलेला, कोरा करकरीत.

"घ्या. वासरू म्हणून लावू. कान टोचायची बी गरज न्हाई. मालक म्हणून तुमची सही तेवढी करा. मोत्यावानी अक्षर हाय म्हंत्यात तुमचं, आमालाबी बघू द्या."

ज्या बिल्ल्यांविरुद्ध मी अर्ज लिहिला होता त्यांतला एक माझ्यासमोर धरलेला होता. हसणारी माणसे हसायची थांबली. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते की हे काय चालले आहे, डॉक्टरांनाही. ते चहाच्या कपात पाहू लागले.

मी कुटुंबाला बाजूला घेतले. "यात डाव आहे," म्हणालो.

"आसू द्या की," ती म्हणाली. "डाव तुमच्याशी हाय. तिच्याशी न्हाई."

डालग्यात मांजरीच्या पायांची नखे बांबूवर वाजत होती. मी छावणीच्या वहीत, त्या बिल्ल्याच्या नंबरापुढे, सही केली. ती सही मी राजीखुशीने केलेली नाही. ती गळा धरून घेतलेली सही आहे, जरी गळा कोणी धरलेला कोणाला दिसला नसला, तरी.

सही होताच डॉक्टरांची विद्या जागी झाली. डॉक्टरांनी मांजर उचलली, बोटाने लाळ पाहिली, मग तिच्या मानेचे केस हुंगले. "ही कुठं झोपते?" त्यांनी विचारले. "हिला गोचिडाच्या औषधाचा वास येतोय."

कुटुंबाचे तोंड पांढरे पडले. आठवड्यापूर्वी छावणीच्या कुंपणावर एक चांगले, न फाटलेले पोते टाकलेले तिला दिसले होते. दुष्काळात कोणी चांगले पोते टाकत नाही. तिला वाटले, वाऱ्याने उडून आले असेल. ते तिने घरी आणून ठेवले होते आणि आदल्या दिवशीच जुने काढून रांजणाखाली अंथरले होते. ते औषधात बुडवून जनावरांच्या अंगाला चोळण्याचे पोते होते. छावणीतल्या गड्याने सहज सांगितले की टँकर आला नव्हता म्हणून औषधात पाणी निम्मेच घातले होते. बैलाला ते सोसते, मांजराला सोसत नाही. शिवाय मांजर अंग चाटते. म्हणजे एका बाजूने दुष्काळाने औषध दाट केले, दुसऱ्या बाजूने त्याच दुष्काळाने मांजरीला ओल्या पोत्यावर निजवले. यात गुन्हेगार कोण, ते मला आजही लिहिता येत नाही.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिले. म्हणाले, "साबण लावून धुवा. एकदा नाही, पाणी बदलून तीनदा. अंगावर औषध राहिलं तर माझ्या इंजेक्शनचा उपयोग नाही."

तीनदा. टँकर आलेला नव्हता. घरात पाणी होते ते त्या रांजणात, आणि ते पिण्याचे होते. मी काही म्हणण्याच्या आत कुटुंबाने घमेले भरले. दारातच तिने मांजर धुतली. धुतलेले पाणी मातीत जाताना सगळी गल्ली पाहत होती.

"आमची लेकरं बिनआंगुळीची," शेजारीण म्हणाली, "आन तुमी मांजरीला न्हाऊ घालताव! कावून, हळदी हायती का तिच्या?"

"हायती," कुटुंब म्हणाले. "अक्षता टाकायला या." आणि तिसरे घमेले भरले.

दुपारपर्यंत थरथर उतरली. दुसऱ्या दिवशी मांजर स्वतःच्या पायांवर चुलीपर्यंत गेली आणि भाकरीचा दुधात भिजवलेला तुकडा खाल्ला. कुटुंब त्या दिवशी गुणगुणत होते. मी नव्हतो.

चौकशीचे साहेब पुढच्या पंधरवड्यात आले. माळावर मंडप, खुर्च्या, थंड बाटल्या. सह्या करणारे शेतकरी माझ्यामागे उभे राहिले, थोडे अंतर ठेवून. मी रिकामे खुंटे दाखवले. साहेबांनी मान हलवली. क्षणभर वाटले, होईल. मग चेअरमन फार नम्रपणे म्हणाले, "साहेब, अर्जदार क्रमांक एक यांच्याच वासराला मागल्या पंधरवड्यात इथं औषध मिळालं. सही हाय त्यांची."

साहेबांनी सही पाहिली आणि मला विचारले, "तुमचं वासरू कुठं आहे?"

"माझ्याकडे वासरू नाही. ती मांजर होती."

मंडप हसला. माझ्या मागचे शेतकरीही हसले. त्यांचेच नुकसान होत असताना हसले. मी म्हणालो, "साहेब, हसू नका. मी म्हणतो ते लिहून घ्या. वासरू नसताना वासराचा बिल्ला दिला गेला, याचा मी स्वतः पुरावा आहे."

"मांजरासाठी छावणी नसते," साहेब म्हणाले. "मला अहवालात मांजर लिहिता येणार नाही."

"मग खोटे वासरू कसे लिहिता येते?"

"ते तुम्हीच लिहून दिलंय."

अहवालात आले ते असे की अर्जदार क्रमांक एक हे स्वतः छावणीचे लाभार्थी असून तक्रारीत तथ्य आढळत नाही. वाक्यरचना बरी होती. मी स्वतः याहून चांगली केली असती.

पेंढी निम्मीच राहिली, पाऊस येईपर्यंत. ज्यांची जनावरे त्यात वाळली, ते माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला येत नाहीत. त्यांच्यातला एक जण एकदा बाजारात भेटला, तेव्हा म्हणाला, "मांजर जगवली आन आमाला इकलं. बरं केलं." मी त्याला समजावू लागलो, तर तो कांदे निवडू लागला. घरी ही गोष्ट सांगितली तेव्हा कुटुंब म्हणाले, "मंग मरू द्यायची हुती का?" मांजर आजही कागदावर येऊन बसते. मी तिला उचलून बाजूला ठेवतो. कधी कधी जोराने ठेवतो.

सबब, ज्या कोणाच्या हाती हे पडेल त्यांना माझे मागणे एकच आहे. मला माझी अब्रू परत नको. ती परत देता येण्यासारखी वस्तू नाही. सदर बिल्ल्यापुढे लिहिलेला "वासरू" हा शब्द खोडावा आणि तेथे "मांजर" असे लिहावे. तो एक शब्द खरा झाला की बाकीच्या बिल्ल्यांपुढचे शब्द कोणालातरी तपासावे लागतील, हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच तो आजवर बदललेला नाही. खोट्या नावाने औषध घेतल्याचा गुन्हा त्यातून माझ्यावर दाखल होणार असेल तर तो मला कबूल आहे. समन्स घरच्या पत्त्यावर पाठवावे. दुरुस्ती केल्यास तसे लेखी कळवावे. करता येत नसल्यास, मांजराला मांजर लिहिण्यास कोणत्या नियमाची हरकत आहे, तेवढे तरी कोणीतरी सही करून मला कळवावे.