घरजावयाची एरियल

हॅम रेडिओच्या लायसनसाठी मी अर्ज केला, तेव्हा चौकशीला एक हवालदार आला. माझ्या पलंगावर बसून, माझा चहा पिऊन, माझ्याच पेनाने त्याने लिहिलं : ‘सदर इसम सासऱ्याचे घरी राहतो. स्वभावाने गरीब असून कोणाच्या अध्यात ना मध्यात.’ माझ्यामुळे देशाला धोका आहे का, एवढंच सरकारला हवं होतं. घरात माझं किती चालतं हे कोणी विचारलं नव्हतं. पण माणूस प्रामाणिक निघाला, त्याने तेही कळवून टाकलं.

ही ऐंशीनंतरच्या पहिल्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. मी मोहाडीच्या शाळेत विज्ञान शिकवायचो आणि राहायचो भंडाऱ्याला, सासरेबुवांच्या माडीवर. बायको एकुलती एक, त्यामुळे लग्नाच्या वेळी माझीच पाठवणी झाली. खाली मामाजींचा पितळेचा कारखाना होता. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. सकाळी सातपासून हातोड्यांची ठोकाठोक सुरू व्हायची ती दिवे लागेपर्यंत. त्या आवाजात मी जेवताना मीठ मागितलं तरी कोणाला ऐकू येत नसे. आवाज बंद असतानाही येत नसे, हा भाग वेगळा.

तर मला कोणीतरी ऐकावं, अशी माझी साधी इच्छा होती. हॅम म्हणजे हौस म्हणून स्वतःचा रेडिओ-ट्रान्समीटर चालवणारा माणूस. दर रविवारी सकाळी आठला हे सगळे हवेत जमायचे. नागपूरचे एक निवृत्त गुरुजी हजेरी घ्यायचे आणि शेवटी विचारायचे, “आणखी कोणी आहे?” त्या प्रश्नाला आपण “आहे” म्हणायचं, यासाठी मी तीन वर्षं डोकं खपवलं. मोर्सची सांकेतिक लिपी शिकलो, परीक्षा दिली, जुन्या बाजारातल्या सामानातून ट्रान्समीटर जोडला. त्याची एक मोठी काचेची व्हॉल्व्ह पेटली की खोली देवघरासारखी दिसायची.

लायसन यायच्या आधीच मी एरियल लावून ठेवली होती. गच्चीवर बांबू, बांबूला कप्पी, आणि मधून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तांब्याची तार. एक टोक आमच्या कडुनिंबाला, दुसरं शेजारच्या बदामाला. या दोन तारा मध्यभागी एकमेकींना अजिबात लागू द्यायच्या नसतात, म्हणून मध्ये बेकेलाइटचा, म्हणजे वीज न वाहणाऱ्या प्लॅस्टिकचा, वीतभर तुकडा होता. अशी तार किती लांब हवी हे डोळ्यांनी कळत नाही, मोजावं लागतं. त्यासाठी माझ्याकडे मुठीत मावणारं एक यंत्र होतं, डिप मीटर. मध्यभाग कप्पीवरून खाली घ्यायचा, बेकेलाइटच्या दोन्ही बाजू तारेच्या छोट्या तुकड्याने तेवढ्यापुरत्या जोडायच्या, यंत्राचं वेटोळं जवळ धरायचं आणि चकती फिरवायची. तार ज्या आकड्याला साद देते, तिथे काटा टपकन खाली पडतो. मग तो तुकडा आठवणीने काढून टाकायचा. मी वीतभर वीतभर तार कापत काटा बरोबर सातावर, म्हणजे हे सगळे जमायचे त्या सात मेगाहर्ट्झवर आणला, तेव्हा टाळ्या वाजवायला गच्चीत फक्त वाळत घातलेल्या कुरड्या होत्या.

मग मी पेपर तपासायला आठवडाभर नागपूरला गेलो. परत आलो तर टेबलावर लायसन, आणि गच्चीत माकडांनी धुमाकूळ घातलेला. बेकेलाइट तडकलं होतं, पण एरियल जागेवर होती. मधल्या तुकड्यावर डांबरात भिजवलेलं फडकं घट्ट गुंडाळलेलं होतं.

“तुटून राह्यलं होतं जी ते, जवाईबापू,” मामाजी खालून म्हणाले. “मजबूत करून ठेवलं. वरून डांबर लावलं, पानी नाही शिरनार.”

तीन वर्षांत मामाजींनी माझ्या छंदाबद्दल काढलेले हे पहिलेच शब्द. मी धन्यवाद म्हणालो. हातोड्यात ते विरून गेले.

मी ताबडतोब डिप मीटर घेऊन गच्चीत गेलो. घाई इतकी, की जोडणीचा तो छोटा तुकडा लावायचाच विसरलो. तरी काटा पडला! बरोबर सातावर, आधीपेक्षाही खणखणीत. शाळेत मी पोरांना सांगत असे की अपेक्षेपेक्षा चांगलं उत्तर आलं तर आधी शंका घ्या. पोरांना सांगायला काय जातं. मी बायकोला हाक मारली आणि म्हणालो, “बघ, याला म्हणतात मोजमाप.”

रविवार आला. आठ वाजले. गुरुजी म्हणाले, “आणखी कोणी?” मी माइक धरून माझी कॉलसाइन, म्हणजे सरकारने दिलेलं हवेतलं नाव, एकेक अक्षर सुटं करून सांगितली. तीनदा सांगितली. गुरुजी म्हणाले, “कोणी नाही असं दिसतं. नमस्कार.” ऐकण्यासाठी माझी वेगळी तार होती, त्यामुळे मला सगळे स्वच्छ ऐकू येत होते. घरातल्यासारखीच सोय. व्हॉल्व्ह मात्र लालबुंद झाली होती.

दुसरा रविवार तसाच, तिसराही. मी हवामानाला दोष दिला. मग सूर्यावरच्या डागांना दिला. मग नागपूरकरांच्या कानांना दिला. एरियलला दिला नाही, कारण ती मी मोजली होती. चौथ्या रविवारी मी इतक्या जोराने ओरडलो की बदामवाल्या शेजाऱ्याने खिडकी लावून घेतली. एवढंच बरं होतं की रविवारी आठच्या सुमाराला खालची ठोकाठोक थांबायची. कारागिरांच्या चहाची वेळ असावी, असं मी धरून चाललो होतो.

मी गुरुजींना पत्र लिहिलं. त्यांनी आपलं दुसरं यंत्र एस.टी.च्या कंडक्टरबरोबर धाडलं. एरियलच्या मधोमध ट्रान्समीटरला किती ओहमचा विरोध मिळतो हे ते दाखवतं. पन्नास ते पंच्याहत्तरच्या आत आलं की झालं. मी मध्यभाग खाली घेऊन ते लावलं. काटा शून्यावर. पुन्हा लावलं. शून्य. मी जिना उतरलो आणि बायकोला सांगितलं, “गुरुजींचं यंत्र बिघडलेलं आहे.”

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मी एक सांगू का? चार हप्ते झाले सांगू का नको करून राह्यली. या घरात काहीबी तुटलं तर बाबा पितळच लावतात. माह्या बाहुलीचा हात तुटला होता, त्यालेबी पितळच लावलं होतं.”

“मग आधी काहून नाही सांगितलं?” मी चिडून तिच्या बोलीत उतरलो.

“जवायाले चूक सांगत असतात का कोनी?”

हेही खरंच. आमच्याकडे जावयाच्या पानात खडा आला तरी तो खडा घरचे आपल्याच पानात आला म्हणून सांगतील. मी जिना तीन-तीन पायऱ्यांनी चढलो आणि डांबराचं फडकं सोडवलं.

आत पितळ होतं. चांगली जाड पट्टी, दोन्ही तारांना रिवेट मारून पक्की जोडलेली. ज्या दोघींना एकमेकींपासून लांब ठेवायचं, त्यांची कायमची गाठ मारलेली. म्हणूनच तुकडा न लावताही डिप मीटरचा काटा पडला होता, आणि म्हणूनच माझा आवाज त्या पट्टीपलीकडे जात नव्हता. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाचं पितळ उघडं पडलं ते असं. मला भयंकर राग आला. महिनाभर मी हवेत ओरडलो, आणि या माणसाने नुसतं विचारलं असतं तरी... मी कानस घेतली आणि रिवेट घासायला लागलो.

तेव्हा पट्टीवर ठिपके दिसले. मामाजींच्या कारखान्यातून नाव घातल्याशिवाय भांडं बाहेर जात नसे. ज्याचं भांडं, त्याचं नाव, छिन्नीच्या बारीक ठिपक्यांनी. या पट्टीवरही होतं, माझं हवेतलं नाव. मामाजींना इंग्रजी यायचं नाही, म्हणून देवनागरीत, कानाला आलं तसं : ‘व्ही यू टू’ आणि पुढची माझी सगळी अक्षरं. एकही चुकलेलं नव्हतं. लायसनचा कागद माझ्याआधी त्यांच्या हाती पडला होता, कोणाकडून तरी त्यांनी तो वाचून घेतला असणार.

मी कानस खाली ठेवली. मला रडू आलं, लपवण्यात अर्थ नाही.

बायकोला विचारलं, रविवारी आठला खाली ठोकाठोक कशी थांबते. ती म्हणाली, “बाबा थांबवतात. म्हनतात, जवाईबापू बोलून राह्यले.”

मी सागवानाचा तुकडा मेणात उकळला, पितळेच्या जागी लावला आणि वरून तेच डांबराचं फडकं तस्संच गुंडाळलं. या वेळी ओहम साठ आले. पट्टी माझ्या कपड्यांच्या पेटीत, तळाशी ठेवली.

पाचवा रविवार. आठ वाजता खालचे हातोडे थांबले. गुरुजींनी विचारलं, “आणखी कोणी?” मी माझी अक्षरं म्हटली, न ओरडता. स्पीकरमधून गुरुजींचा आवाज आला. त्यांनी माझी अक्षरं एकेक करून परत उच्चारली आणि म्हणाले, “या भंडारा, या. स्वच्छ ऐकू येता.”

मी उत्तर द्यायच्या आत जिन्यातून हाक आली. मामाजी मधल्या पायरीपर्यंत चढून आले होते, हातात हातोडा तसाच.

“आयकलं ना जी त्यायनं?”

“ऐकलं, मामाजी.”

“मी म्हनलोच होतो. जरा येळ लागते, पन पितळ धोका नाही देत.”

इतक्या वर्षांनी घरात माझं बोलणं कोणीतरी थांबून ऐकत होतं. काय चुकलं होतं ते सांगायची याहून चांगली वेळ मिळणार नव्हती.

“हो,” मी म्हणालो. “पितळेमुळेच जमलं.”