बैलाच्या गळ्यातली घंटा

जुन्या वस्तूंचा सोस मला कधीच नव्हता. मोडलं ते मोडलं, त्याला भंगारात घालावं आणि मोकळं व्हावं, असा माझा स्वभाव. म्हणून नांदुऱ्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मी फिटर असताना बुलढाण्याच्या मोठ्या डॉक्टरांचा निरोप आला, ‘दवाखान्याची जुनी गाडी पहिल्यासारखी करायची आहे, तुम्हीच या’, तेव्हा मी आधी कानांवर हात ठेवले. मला येत नाही म्हणालो. पण ती गाडी चालवलेला माणूस मी एकटाच उरलो होतो. दुसरी लढाई चालू होती, वऱ्हाड अजून मध्य प्रांताच्याच दावणीला होता, आणि युद्धफंडाच्या मेळ्यात ती गाडी मांडायची होती. शेवटी गेलो.

पहिल्या लढाईत जखमी गोऱ्या शिपायांना वाहून दमलेली ती मोटारगाडी लढाई संपल्यावर बुलढाण्याला आली होती. पुढची दोन वर्षं तिचा ड्रायव्हर मी होतो. आता ती दवाखान्यामागे लिंबाखाली उभी होती. मागच्या खणात कोंबड्या अंडी घालत होत्या. मला पाहून एक कोंबडी उठलीसुद्धा नाही.

डॉक्टर हौशी माणूस. त्यांचं एकच पालुपद होतं, “जे होतं तेच हवं. नवं काही नको.” इंजिन दुरुस्त करणं सोपं गेलं. वैताग आणला तो सामानाने. कार्बाइडचे दिवे हवेत, रबरी फुग्याचा भोंगा हवा, स्ट्रेचरचं कापड त्याच खाकी रंगाचं आणि पट्टे चामड्याचेच हवेत. मी निकेलची बकलं लावली तर त्यांनी पितळेची लावायला सांगितली. गाडीत झोपणाऱ्याला बकलाचं काय, असं मी मनात म्हटलं. पण काढली, पितळेची लावली. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी ड्रायव्हरच्या पाठीमागच्या फळीवर बोट ठेवलं.

“इथे दोन भोकं आहेत. एक खिळ्याचं दिसतंय, एक दोरीचं. इथे काय होतं?”

मी पान्हा पुसत राहिलो. काय होतं ते माझ्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार? तिथे घंटा होती. मागच्या खणातल्या माणसाला ड्रायव्हरला थांबवायचं असेल तर दोरी ओढायची आणि माझ्या कानाशी घंटा वाजायची. मूळची पितळी घंटा पहिल्याच वर्षी कोणी तरी लांबवली. तेव्हा मीच बाजारातून बैलाच्या गळ्यातली घंटा आणून खिळ्याला टांगली. स्वस्तात काम झालं म्हणून आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरलो. माझीच अक्कल.

“घंटा होती,” मी म्हणालो. “बैलाची.”

डॉक्टरांना हा प्रकार फारच आवडला. “मग बैलाचीच लावा,” म्हणाले.

त्या घंटेबद्दल पुढचं मी तोवर कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

मी ड्रायव्हर होतो तेव्हाची गोष्ट. कापसाचे दिवस होते. घाटाखालच्या गावातली एक पोर बाळंतपणात अडली, म्हणून बैलगाडीतून वर बुलढाण्याला आणली. तिसऱ्या दिवशी तिला खाली नांदुऱ्याला नेऊन आगगाडीने अकोल्याच्या डॉक्टरीण बाईंकडे पोचवायचं ठरलं. नवरा सकाळीच पुढे स्टेशनवर गेला. मागच्या खणात ती पोर आणि तिची आई. आईने तीन रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हता. भर दुपारी मी घाट उतरायला लागलो. पुढे, मागे, शेजारी कापसाच्या बैलगाड्याच बैलगाड्या. सगळ्या बैलांच्या गळ्यात घंटा.

घाटात मला घंटा ऐकू आली. थोड्या वेळाने परत आली. मग आणखी एकदा. मी मनाशी म्हटलं, बैल आहे. ब्रेक कच्चे होते आणि आगगाडी चुकली असती. मी थांबलो नाही. पुढे मोताळ्याचा दवाखाना रस्त्यालाच होता, तिथूनही तसाच गेलो.

नांदुऱ्याला दार उघडलं. पोर गेली होती. खालचं कापड रक्ताने भिजलं होतं. आईच्या मुठीत दोरी तशीच होती.

“म्या किती घंटा वाजोली,” ती म्हणाली. “तू थांबला काऊन नाई?”

“घंटा वाजलीच नाही बाई,” मी म्हणालो. इतकं चटकन बोललो, की आजही माझं मलाच नवल वाटतं.

जावई बिचारा भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, “बुढीले डुलकी लागली असंन. तीन रातीची जागी हाये ते.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “असेल.”

एवढा एकच शब्द. पुढे गावात तेच झालं. पोर मरत होती आणि आई झोपली होती, असं बाया पाणवठ्यावर बोलायच्या. मी महिन्याभरात नोकरी सोडली. विचारलं तर सांगायचो, दवाखान्याचा वास सोसत नाही. घंटा मात्र सुटली नाही. जिनिंगच्या धडधडीत, जेवताना, देवळात आरती चालू असतानासुद्धा ती यायची. तीनदा वाजायची आणि थांबायची. मी प्रत्येक वेळी स्वतःला सांगायचो, बैल होता. इतक्या घंटांत ती एक कोणाला ओळखू येणार?

गाडी तयार झाली. चाचणीसाठी घाटात उतरवली. मागे दवाखान्यातला कंपाउंडर बसला होता. दिवस कापसाचेच, तेव्हासारख्याच बैलगाड्या. एका वळणावर त्याने गंमत म्हणून दोरी ओढली.

मी गाडी थांबवली.

“थांबले काऊन भाऊ? म्या तं उगाच वाजोली,” तो मागून हसत म्हणाला.

मी कुणब्याचा पोरगा. बैलाची चाल मला कानाने कळते. बैलाची घंटा पावलागणिक वाजते, तिला एक ठेका असतो. माणसाने ओढलेली घंटा हिसक्याने वाजते, तिला चाल नसते. त्या दुपारीही ती हिसक्यानेच वाजली होती. मी तेव्हाच ओळखली होती. इतकी वर्षं मी स्वतःशी खोटं बोलत आलो, आणि ते मला पांढऱ्या केसांनी त्या वळणावर कबूल करावं लागलं.

घाट उतरल्यावर मी गाडी मोताळ्याकडे न नेता त्या पोरीच्या आईच्या गावाला वळवली. कंपाउंडरला म्हटलं, तू इथेच पारावर बस. म्हातारी ओट्यावर तुरी निवडत होती. पार वाळून गेली होती.

“माय, मी त्या गाडीचा ड्रायव्हर.”

“ओयखलं तुले,” ती म्हणाली. हात थांबला नाही.

“त्या दिशी घंटा वाजली होती. मी ऐकली होती. मी खोटं बोललो.”

तिने चार-सहा दाणे निवडले. मग सूप बाजूला ठेवलं.

“म्हंजे मले डुलकी नोती लागली.”

“नाही माय.”

“मलेच वाटे, लागली असंन. समदे म्हनत.” मग म्हणाली, “जवाई तसंच समजून मेला.”

मला शिव्या हव्या होत्या. तिने मारलं असतं तर मी तिच्या पायाशी बसलो असतो. तिने विचारलं ते वेगळंच.

“किती डाव आयकली तू?”

“तीन डाव.”

“तीन?” ती माझ्याकडे बघत राहिली. “म्या तं मोताळा येईपरेंत वाजोत होती.”

ती उठली, काठी घेतली आणि गाडीपाशी आली. मी मागचं दार उघडलं, हात देऊन तिला चढवलं. ती त्याच बाकावर बसली. खाकी कापडावरून तिने एकदा हात फिरवला. दोरी कुठे आहे ते तिला सांगावं लागलं नाही.

“तू बस तुह्या जाग्यावर,” ती म्हणाली.

मी पुढे जाऊन बसलो. कानाशी घंटा वाजली.

“आयकू येते काय?”

“येते माय.”

ती थांबली नाही. गल्लीत माणसं जमली, कोणी तरी काय झालं म्हणून विचारलं. तिचा हात भरून येईपर्यंत घंटा वाजत होती आणि तोवर मी जागचा हललो नाही.