चार्टमधलं दूध कोण प्यायलं?

“मॅडम, गीता आठशे मीटरच्या शर्यतीत शेवटच्या दोनशेत दमून बसते. पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर विभागीय स्पर्धेला मी तिची जागा दुसरीला देणार.”

तळोद्याजवळच्या एका निवासी शाळेतल्या क्रीडाशिक्षकांचा हा फोन. मी आहारतज्ज्ञ. शाळेतल्या धावपटू मुलींचा डाएट चार्ट मीच करून दिला होता. म्हणजे सरांचा रोख गीतापेक्षा माझ्यावर जास्त होता. मला रागच आला. इतका देखणा चार्ट, वर लॅमिनेशनसुद्धा केलेलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन थडकले. गीता मैदानावर होती. सातपुड्यातल्या वरच्या पाड्यावरची, काटक पोर. चेहरा मात्र उतरलेला.

“आळस करते,” सर म्हणाले. “आधी पोट दुखतं म्हणायची. आता नुसतीच थकते. मी स्वतः प्रोटीन पावडरचा डबा आणून दिला, तरी नाही.”

प्रोटीन म्हणजे प्रथिनं. पळून पळून स्नायू झिजतात, ती झीज हीच भरून काढतात. माझ्या चार्टमध्ये त्यातला मोठा वाटा दुधाचा होता. सकाळी ग्लासभर, संध्याकाळी ग्लासभर. एवढं दूध आहे म्हणून अंडी मीच आठवड्याला दोनवर आणली होती. हिशोब चोख होता.

मी तडक स्वयंपाकघरात गेले. चार्ट भिंतीवर झळकत होता. मागच्या दाराशी स्वयंपाकीण सखूबाईंचं वासरू बांधलेलं. अंगावर चकाकी, मान मातलेली.

“काय खायला घालता हो याला?”

सखूबाई पदरात हसल्या. “तुम्हनं दूध, मॅडम. पोरी पेतीस नही. बादलीमा वती देतीस, मी वासराले पाजस.”

“मला कोणी सांगितलं का नाही?”

“तुम्ही चार्ट भिताडले लाया. पोरीसले काही इचारं का?”

गीताला बोलावलं. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत बोलू लागली.

“आमच्या पाड्यावर दूध काढत नाहीत, मॅडम. ते वासराचं असतं. तुम्ही लिहिलं म्हणून मी आठ दिवस प्यायले. पोट फुगायचं. पावडरनं पण तसंच झालं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खाली सपाटीवरच्या कोरीट गावची. दारात म्हशी, वाटीत दही, झोपताना दूध. दूध न पिणारी घरं माझ्याच जिल्ह्यात आहेत, हे मला शिकून-सवरूनही माहीत नव्हतं. दुधातली साखर मोठेपणी पुष्कळांना पचत नाही, हे तर पुस्तकातच होतं. सरांची पावडरही दुधापासूनच केलेली. म्हणजे पोरीचं दूध बंद झालेलं, अंडी मी कापलेली आणि डाळ वसतिगृहाची, ताटलीचा तळ दाखवणारी. एवढ्यावर ती शेवटचे दोनशे मीटर कशाच्या जोरावर पळणार?

“घरी काय खातेस?”

आता ती भडाभडा बोलली. भाजलेल्या उडदाची घट्ट डाळ. ज्वारीची भाकरी. भुईमुगाच्या शेंगा. बाजाराच्या दिवशी सुकट, म्हणजे वाळवलेली बारीक मासळी.

मी ऐकत होते आणि मनात ओशाळत होते. भाकरीच्या प्रथिनात जे कमी ते डाळीच्या प्रथिनात असतं, म्हणून ही जोडी एकत्र खायची. तिच्या आईला हे कुणी शिकवलं नव्हतं. मला त्यासाठी डिग्री घ्यावी लागली होती.

तिथेच पाठकोऱ्या कागदावर नवा चार्ट लिहिला. उडदाची किंवा तुरीची डाळ, दोन्ही वेळा, घट्ट. रोज दोन उकडलेली अंडी. सरावानंतर मूठभर शेंगदाणे. आठवड्यातून दोनदा सुकट. दूध फक्त मागेल तिला.

मागोमाग आलेल्या सरांनी कागद उलटून पाहिला. “पावडर नाही?”

“नाही. आणि ती आळशी नाही, सर. उपाशी होती. चूक माझी. पंधरा दिवस आजपासून मोजा.”

सरांनी कागद सखूबाईंच्या हातात दिला. मग गीताला म्हणाले, “आधी जेवून घे. धावायचं संध्याकाळी बघू.”

बाराव्या दिवशी त्यांचा फोन आला. शेवटच्या दोनशेत ती बसली नव्हती. जागा तिचीच राहिली. विभागीयला तिसरी आली आणि पदक दाखवायला थेट माझ्या दवाखान्यात आली. माझे डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत.

पहिला चार्ट मी टेबलाच्या काचेखाली ठेवलाय. कोणी नवीन आलं की आधी तो दिसतो, मग मी विचारते, “घरी काय खाता?” तसा तो अगदीच वाया गेला नाही म्हणा. सखूबाईंचं वासरू त्यावर झकास वाढलं.