एका साच्यातले चार अंतोन

"तोंड नका बघू, रावसाहेब. तोंड सगळ्यांचं एकच. हात बघा."

असे म्हणून मिस्त्री आपला डावा पंजा मूर्तीच्या चेहऱ्यावर ठेवीत आणि उजव्या हातातल्या ब्रशाने मूर्तीच्या हातांकडे बोट दाखवावे तसे दाखवीत. "आता सांगा, हा कोण?" कडेवर बाळ आणि हातात लिलीची फुले असली तर तो पदुआचा संत अंतोन. हातात घंटा आणि पायाशी डुक्कर असले तर मिसर देशाच्या वाळवंटातला संत अंतोन. माझे उत्तर चुकले की पंजा बाजूला घेऊन ते खेदाने मान हलवीत. "सातवी शिकलेल्या माणसाकडून ही अपेक्षा नव्हती."

वाचकहो, माझे शालेय शिक्षण सातवीत थांबले हे खरे. परंतु कलकत्त्यात कचेरीसमोरच्या फुटपाथवर टाइपरायटर मांडून मी बावीस वर्षे अर्ज लिहिले, आणि माझा एकही अर्ज अपुऱ्या माहितीच्या कारणास्तव परत आला नाही, हेही तितकेच खरे. बंगाली मंडळी मला मुहुरीबाबू, म्हणजे कारकूनबाबू, म्हणत. मिस्त्री मला रावसाहेब म्हणत, त्यात थोडी थट्टा असे. बँकांत आणि सरकारी खात्यांत बदलून आलेले आमचे मराठी अधिकारी गणेशोत्सवात मला नमस्कार करीत व पुढच्या गणेशोत्सवापर्यंत विसरत. रोज मराठीत बोलावे असे माझ्या वाट्याला आलेले माणूस एकच, ते म्हणजे मिस्त्री, आणि ते वसईचे ख्रिस्ती होते.

एका पाद्रीबाबांबरोबर ते चर्चच्या वेदीची डागडुजी करायला आले आणि एंटालीतल्या आमच्या गल्लीत राहिले. बायको लवकर गेली. एक मुलगा होता. समोरच्या खोलीत संतांच्या मूर्ती बनवायच्या व जुन्या रंगवून द्यायच्या, हा व्यवसाय. साचा एकच. त्यातून प्लास्टरचे सगळे संत सारख्या नाकाचे, सारख्या डोळ्यांचे निघत. मग कोणाला दाढी चिकटवायची, कोणाच्या हातात पुस्तक द्यायचे, कोणाच्या पायाशी डुक्कर ठेवायचे. वस्तू हातात येईपर्यंत ते कोणीच नसत. फळीवर ओळीने उभे असलेले, ओंजळी रिकाम्या असलेले ते पांढरे संत मला कधीच आवडले नाहीत. ते कोणाची तरी वाट पाहत असल्यासारखे वाटत.

आमच्या गल्लीत त्या वेळी चार अँथनी, म्हणजेच अंतोन, होते. इतर लोक त्यांना मोठा, छोटा, कंपाउंडर, पावरोटीवाला असे काहीही म्हणत. मिस्त्रींना हे खपत नसे. "नुसता अँथनी म्हणजे काय? पत्ता नसलेलं पत्र," ते म्हणत. "संत अंतोन एक नाही. आपला कोणता ते माणसाला ठाऊक पाहिजे. नाहीतर प्रार्थना भलत्याच्या दारात जाऊन पडते." म्हणून त्यांनी जन्मदिवस पाहून चौघांना चार संत वाटून दिले होते.

गल्लीच्या तोंडाशी दवाखान्यातले सत्तरीचे कंपाउंडर राहत. त्यांचा जन्म जुलैचा. मिस्त्रींनी त्यांना झाकारिया अंतोन दिला. म्हातारा भडकला. "सत्तर वर्षं मी पदुआवाल्याला मेणबत्ती लावतोय, आणि हा मिस्त्री माझा संत बदलतो!" महिनाभर बोलणे बंद. मग कोणीतरी सांगितले की झाकारिया हा पाद्री होण्याआधी वैद्यक शिकलेला होता. दुसऱ्याच दिवशी कंपाउंडर कडक इस्त्रीचा सदरा घालून मूर्ती मागायला आले. "हातात औषधाची बाटली देता येईल का?" असेही त्यांनी विचारले.

चार वर्षांच्या एका पोराला क्लारेट अंतोन मिळाला होता. हा संत आधी मागावर बसणारा विणकर. ते पोर दिसेल ती दोरी गुंतवून ठेवी, त्यामुळे मिस्त्रींना आपले गणित बरोबर आल्याचे समाधान होते.

पदुआचा अंतोन गेला नळकोंड्याजवळच्या विधवा बाईंच्या मुलाकडे. तो पावरोटीच्या भट्टीत कामाला होता. त्याची आई दर मंगळवारी चर्चमध्ये पदुआच्या अंतोनपुढे मेणबत्ती लावी, कारण हा संत हरवलेली वस्तू शोधून देतो. किल्ली, छत्री, रेशनकार्ड, काहीही.

आणि मिस्त्रींचा स्वतःचा मुलगा सतरा जानेवारीचा. म्हणजे वाळवंटातला. "आमचा डुकरवाला," मिस्त्री सर्वांसमक्ष म्हणत. मुलगा लाजे. भट्टीवाला अंतोन खिडकीतून ओरडे, "की रे शूअर, खेयेछिस?" म्हणजे, काय रे डुकरा, जेवलास का? आणि उरलेल्या पावाच्या कडा कागदात बांधून आत टाकी. एका वयाची, एका वर्गात नापास झालेली ती दोन मुले.

एकदा मी मिस्त्रींना विचारले, "माझी मूर्ती केलीत तर हातात काय द्याल?"

त्यांनी माझ्या तोंडावर पंजा धरला, माझ्या हातांकडे पाहिले आणि हसले. कार्बन कागदाने माझी बोटे कायमची निळी झालेली आहेत. "काही द्यायला नको. बोटांवरून कळतंय."

सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास माझ्याकडे येणाऱ्या अर्जांची जात बदलली. पूर्वी पेन्शन, बदली, घरमालकाचा जाच हे विषय असत. आता मुलांच्या आया येऊ लागल्या. 'माझा मुलगा मंगळवारपासून घरी आलेला नाही.' भिंतींवर नक्षलवाद्यांची लाल अक्षरे दिसत, दुसऱ्या दिवशी त्यांवर चुना फिरलेला असे, तिसऱ्या दिवशी चुन्यावर पुन्हा लाल. दुकाने दिवस मावळायच्या आत फळ्या लावीत. पोलिसांच्या जीपचा आवाज आला की गल्लीतली बोलणी थांबत आणि ती कोणत्या दारापुढे थांबते हे सगळे कानांनी पाहत.

एका दुपारी ती मिस्त्रींच्या दारापुढे थांबली. मिस्त्री रंग आणायला गेले होते. मुलगा येशूच्या अंगावरचे लाल वस्त्र रंगवीत बसला होता.

"अँथनी कौन?"

"मैं," मुलगा म्हणाला. खोटे तरी काय बोलणार?

त्यांनी त्याचे हात उलटे करून पाहिले. दोन्ही पंजे लाल. एवढे पुरले. हे मला कंपाउंडरांनी सांगितले. ते दारातून पाहत होते.

संध्याकाळी मिस्त्री माझ्या खोलीत आले. बसले नाहीत. "त्यांना कोणीतरी अँथनी हवाय, रावसाहेब. भिंती रंगवणारा, बाँब ठेवणारा, देव जाणे. माझा तो नव्हे. माझ्या पोराला संतांशिवाय काही रंगवता येत नाही. त्याला सोडवा."

मी टाइपरायटर पुढे ओढला. असा अर्ज मी पूर्वी लिहिला नव्हता, नंतरही लिहिला नाही. पहिल्या कलमात अर्जदाराची ओळख. दुसऱ्यात मुलाची वागणूक. तिसऱ्यात पाद्रीबाबांची साक्ष. चौथ्यात लाल रंगाचा खुलासा, त्याचा डबाही सोबत जोडला. पाचवे कलम मला विशेष सुचले: सदर वस्तीत उक्त नावाचे एकूण चार इसम राहत असून, केवळ नामसादृश्यामुळे अर्जदाराच्या मुलास धरण्यात आले आहे, त्यांची वये व पत्ते खालीलप्रमाणे.

"चार अंतोन आहेत म्हटलं की झालं," मिस्त्री म्हणाले. "पत्ते कशाला?"

"मोघम अर्ज केराच्या टोपलीत जातो, मिस्त्री. तुम्हीच म्हणता ना, पत्ता नसलेलं पत्र?"

त्यांनी बोटांवर मोजले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "रावसाहेब, एक सत्तरीचा. एक चार वर्षांचा. एक माझा. मग उरला कोण?"

मी म्हणालो, "कोण उरतो हे ठरवणं अर्जाचं काम नव्हे. अर्जाने वस्तुस्थिती सांगायची."

हे वाक्य मला त्या वेळी चांगले वाटले होते.

मी विचारीत गेलो आणि ते सांगत गेले. शेवटच्या नावापाशी मी घाईत 'नळकोंड्यासमोर' असे टाइप केले. त्यांनी कागदावर वाकून पाहिले. त्यांचे ओठ हलले. स्वतःला आवरायला त्यांनी टेबलाची कड धरली होती. तरी चुकलेली वस्तू त्यांच्याने पाहवेना. आणि घरी मुलाचे ताट झाकलेले होते. "समोर नव्हे," ते म्हणाले. "डाव्या हाताला. दुसरं दार. निळी चौकट." मी दुरुस्ती केली. खाली त्यांनी सही केली.

पोलिसांच्या मोठ्या साहेबांकडे अर्ज मी स्वतः नेऊन दिला. पाचव्या दिवशी मुलगा परत आला. चालत आला. त्याच्या दोन्ही हातांची बोटे सुजून पावासारखी झाली होती आणि मूठ मिटत नव्हती. मिस्त्रींनी त्याला रात्रीपर्यंत एकही प्रश्न विचारला नाही. फक्त त्याचे हात मांडीवर घेऊन कोमट पाण्याने धूत बसले. नळकोंड्याजवळच्या बाईंनी गल्लीत बताशे वाटले. भट्टीवाला अंतोन खिडकीतून डोकावला. नेहमीचे विचारणार होता. हात पाहून नुसता पाव ठेवून गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी जीप पुन्हा आली. गल्लीच्या तोंडाशी पानवाला बसतो. टपालवालासुद्धा त्याला विचारल्याशिवाय आत येत नाही. जीप त्याच्यापुढे थांबली नाही. मिस्त्रींच्या दारापुढेही थांबली नाही. नळकोंड्यापर्यंत गेली. माणसे उतरली आणि कोणालाही काहीही न विचारता डाव्या हाताच्या दुसऱ्या दारात शिरली.

मिस्त्री ब्रश हातात घेऊन उंबऱ्यावर उभे होते. मी माझ्या खिडकीत. आमची नजरानजर झाली. त्यांनी आपला पंजा उचलला आणि या खेपेस स्वतःच्या तोंडावर ठेवला.

त्याच दुपारी बाई माझ्याकडे फुटपाथवर आल्या. "मुहुरीबाबू, तुमच्या अर्जानं मिस्त्रींचा मुलगा परत आला. माझ्यासाठी तसाच लिहा. एक शब्दही बदलू नका."

मी पहिले कलम लिहिले. दुसरे लिहिले. तिसरे, चौथे. पाचव्याला माझी बोटे थांबली, कारण पाचव्या कलमात लिहायला आता कोणीच उरले नव्हते. मी चार कलमांचाच अर्ज दिला. मग आणखी एक दिला, आणखी एक. आजवरची माझी कारकीर्द निष्कलंक आहे. एकही अर्ज परत आला नाही. तो मुलगाही आला नाही. भिंती रंगवणारा तोच होता की नाही, मला आजही ठाऊक नाही.

मिस्त्रींनी पुढच्याच आठवड्यात मुलाला हावड्याहून गाडीत बसवून वसईला पाठवले. स्वतः दोन महिने राहिले. त्या अवधीत त्यांनी चर्चसाठी पदुआच्या अंतोनची एक मोठी मूर्ती केली. रोज संध्याकाळी ते बाईंच्या दारात जाऊन बसत. बाई बोलत, ते ऐकत. माझ्या खोलीत मात्र पुन्हा आले नाहीत. एकदाच वाटेत भेटले.

"मिस्त्री, अर्जात खोटं काहीच नव्हतं," मी म्हणालो.

"नव्हतंच की, रावसाहेब," ते म्हणाले. "एकही चूक नव्हती. मी स्वतः तपासला होता."

एके सकाळी त्यांच्या खोलीला कुलूप दिसले. खिडकीच्या फटीतून पाहिले तर फळीवरचे पांढरे संत तसेच उभे होते. कोणाच्याही हातात काहीही नव्हते.

ती मोठी मूर्ती चर्चमध्ये उजव्या बाजूला आहे. मी हिंदू मनुष्य. तरी मंगळवारी केव्हातरी जातो. तिचे वस्त्र पूर्ण रंगलेले आहे, चेहरा पूर्ण झाला आहे. कडेवर बाळ नाही, हातात लिली नाही. ओंजळ उघडी आहे. पाद्रीबाबा म्हणतात, काम अर्धवट राहिले.

परवाच्या मंगळवारी बाई तिथे होत्या. केस पार पांढरे झालेले. मेणबत्ती लावून झाल्यावर माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"मुहुरीबाबू, तुम्ही शिकलेली माणसं. एक विचारू? आमची गल्ली टपालवाल्याला सापडत नाही. मग त्या लोकांना माझं दार कसं हो सापडलं?"

त्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मी हात खिशात घातले.